फेसावरचं यीस्ट: लीड्समधल्या घरच्या बिअरच्या प्रकल्प नोंदी

14 जानेवारी 2024, रविवार

आजपासून नोंदी ठेवायच्या. प्रश्न एकच आहे: एका पाकिटातलं यीस्ट घरच्या घरी किती पिढ्या नीट टिकवता येतं, आणि ते टिकवण्याची चांगली रीत कोणती?

यीस्ट ‘वेस्ट यॉर्कशायर एल 1469’ घेतलंय (एल म्हणजे वर चढणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर). राहायला यॉर्कशायरमध्ये आहे म्हणून हौस तर आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. हे यीस्ट आंबताना वर चढतं, फेसावर जाड थर धरतं. म्हणजे ते वरूनही काढता येतं आणि खालूनही. दोन्ही रीती एकाच यीस्टवर तपासता येतील.

पाककृती साधी ठेवली. 20 लिटर बिटर (कडवट इंग्लिश एल), मॅरिस ऑटर माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), थोडा क्रिस्टल माल्ट, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं). सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर किती आहे ते सांगणारी) 1.040, म्हणजे साधारण 10 अंश प्लेटो (वजनात शेकडा 10 साखर). एल बिअरला दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला साडेसात लाख पेशी लागतात असा सर्वमान्य हिशोब आहे. 20,000 गुणिले 10 गुणिले 7.5 लाख: 150 अब्ज पेशी हव्यात. पाकिटात ताजं असताना सुमारे 100 अब्ज. कमी पडतं हे माहीत होतं, तरी स्टार्टर न करता, म्हणजे माल्टच्या थोड्या पाण्यात आधी यीस्ट न वाढवता, सरळ टाकलं, कारण पहिल्या पिढीचं वागणं आहे तसं बघायचं होतं.

जिन्याखालच्या कपाटात ठेवलंय. तिथे हीट बेल्ट लावून 19 अंश राहतात. बादलीचं झाकण नुसतं टेकवलंय, दाबलेलं नाही.

(या देशात घरी बिअर करायला 1880 पासून परवाना लागायचा. 1963 च्या अर्थसंकल्पात रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. विकायची मात्र नाही.)

16 जानेवारी

काल दुपारी, म्हणजे यीस्ट टाकल्यावर जवळजवळ 20 तासांनी, पहिले बुडबुडे. आज संध्याकाळी झाकण उचललं तर फेस बादलीच्या काठाला टेकलेला. वर तपकिरी, चिकट डाग होते. बोटावर घेऊन चाखलं: कडूजहर. हा हॉप्सचा राळेसारखा अंश आणि उकळताना फाटलेली प्रथिनं.

शेजारच्या आजोबांनी तरुणपणी ब्रुअरीत काम केलंय. त्यांनी शिकवलेलं एकच वाक्य मी पाळते: पहिला फेस टाकून द्यायचा, दुसरा ठेवायचा. तपकिरी थर काढून टाकला.

17 जानेवारी

आजचं दृश्य लिहून ठेवते. कालच्या जागी आता पांढराशुभ्र, मऊ, दाट थर आलाय, तापवलेल्या म्हशीच्या दुधावरच्या सायीसारखा. स्टीलची पळी उकळत्या पाण्यातून काढली, सॅनिटायझरमध्ये बुडवली आणि काठाकडून अलगद फिरवली. पळीला जड लागतं. फेस वाटतो तेवढा हलका नसतो, त्यात यीस्ट खच्चून भरलेलं असतं. बरणीत ओतल्यावर सूं असा आवाज करत तो तासभर बसत राहिला आणि तळाला सायीच्या रंगाचं 120 मिलिलिटर यीस्ट उरलं, वर बोटभर बिअर.

बरणी अ. झाकण सैल, कारण यीस्ट अजून वायू सोडतंय. घट्ट लावली तर काच फुटेल. फ्रीजमध्ये, 4 अंश.

टॅडकास्टरच्या सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीत अजून दगडी ‘यॉर्कशायर स्क्वेअर’ वापरतात. त्या टाकीला दोन मजले असतात. मधल्या भोकातून फेस वरच्या मजल्यावर चढतो, बिअर पुन्हा खाली निथळते आणि यीस्ट वरच राहतं. म्हणजे जे काम मी पळीने केलं, ते तिथे टाकीच करते.

28 जानेवारी, रविवार

ग्रॅव्हिटी तीन दिवस 1.012 वर स्थिर. यीस्टच्या पत्रकात 67 ते 71 टक्के साखर खातं असं दिलंय, त्यात बसतं. बादलीच्या तोटीतूनच बाटल्या भरल्या.

तळाच्या साक्याच्या दोन बरण्या केल्या. बरणी ब: बाटल्या झाल्यावर बादली कलती करून, तोटीतूनच उतरवलेला साका, वर थोडी बिअर राहू दिली. बरणी क: मोठ्या चमच्याने काढलेला साका, उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळला, 20 मिनिटं थांबले, जड गाळ खाली बसल्यावर वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या बरणीत ओतलं. यालाच यीस्ट ‘धुणं’ म्हणतात. दिसायला क सगळ्यात सुंदर आहे, एकदम स्वच्छ. ब चिखलासारखी दिसते.

4 फेब्रुवारी, रविवार

मोजणीचा दिवस. जुना सूक्ष्मदर्शक आणि पेशी मोजायची काचपट्टी, दोन्ही गेल्या वर्षी घेतलेले, आज पहिल्यांदा नीट कामाला आले.

रीत अशी. बरणी हळू हलवून एकजीव करायची. नमुना हजारपट पातळ करायचा, शेवटच्या टप्प्यात पाण्याऐवजी मिथिलीन ब्लू. पाच मिनिटं थांबायचं. जिवंत पेशी तो रंग आत टिकू देत नाही, मेलेली निळी होते. फार वेळ थांबलं तर जिवंतही निळ्या दिसायला लागतात, म्हणून घड्याळ समोर. काचपट्टीवरचा मोठा चौकोन एक मिलिमीटर लांब, एक रुंद आणि 0.1 मिलिमीटर खोल. त्यातली एक पेशी म्हणजे मिलिलिटरला दहा हजार.

पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा मी मोजणं विसरून नुसती बघत राहिले. गोल, काचेच्या मण्यांसारख्या पेशी, काहींच्या कडेला बारीक अंकुर फुटलेला. आणि मध्येच एखादी गडद निळी, शाईचा थेंब पडल्यासारखी.

अ: एकूण 124, निळ्या 9. जिवंत 93 टक्के.
ब: एकूण 131, निळ्या 17. 87 टक्के.
क: एकूण 109, निळ्या 22. 80 टक्के.

शे-सव्वाशे पेशी मोजल्या की आठ-दहा टक्के इकडेतिकडे होणारच, म्हणून प्रत्येक दोनदा मोजलं. क्रम बदलला नाही. अ बरणी तर अठरा दिवसांची आहे, बाकीच्या दोन फक्त आठवड्याच्या. तारखेवरून जिवंत पेशींचा अंदाज देणारे तक्ते अ ला यापेक्षा बरंच कमी दाखवतात. तारीख सगळं सांगत नाही. यीस्ट कुठून, कोणत्या वेळी आणि कसं काढलं याला जास्त वजन आहे.

11 फेब्रुवारी, रविवार

दुसरी बॅच, तीच पाककृती. अ बरणी पूर्ण टाकली: 120 मिलिलिटर, मिलिलिटरला साधारण 1.15 अब्ज जिवंत. म्हणजे 138 अब्ज. हव्यात त्याहून किंचित कमी, चालेल.

एक गोष्ट विसरायची नाही: प्राणवायू. सुक्या यीस्टच्या पुडीतल्या पेशी कारखान्यातूनच चरबीचा साठा घेऊन येतात. एकदा आंबवण करून थकलेल्या यीस्टचा तो साठा संपलेला असतो. नव्या पेशींची आवरणं बांधायला लागणारे स्टेरॉल त्याला प्राणवायूशिवाय तयार करता येत नाहीत. म्हणून गार झालेला वर्ट (माल्टचं न आंबलेलं गोड पाणी) एका बादलीतून दुसरीत उंचावरून चारदा ओतला आणि वर पाच मिनिटं रवीने घुसळला. ही घुसळण यीस्ट टाकण्याच्या वेळीच करायची. आंबायला लागल्यावर हवा लागली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

सहा तासांत बुडबुडे सुरू.

13 फेब्रुवारी

काल रात्री तपकिरी थर टाकला, आज पांढरा काढला. बरणी अ-2, साधारण 100 मिलिलिटर. वास ताज्या पावाचा, जरासा सफरचंदाचा.

25 फेब्रुवारी

दुसरी बॅच बाटल्यांत. 1.012. पहिल्या बॅचची बाटली शेजारच्या आजोबांना नेऊन दिली. त्यांना आवडली, पण म्हणाले, यॉर्कशायरच्या बिटरला एवढा जोर नसतो. फेस पेल्याबाहेर आला होता. बाटलीत फेसासाठी घालतात ती साखर जास्त पडली असेल असं मी लिहून ठेवलं.

3 मार्च, रविवार

ब आणि क ची परीक्षा. दोघी पाच आठवड्यांच्या. आज ब मध्ये 71 टक्के जिवंत, क मध्ये 52. क चं झाकण उघडल्यावर पुसट मार्माइटचा (पावाला लावायच्या खारट यीस्ट-अर्काचा) वास आला. तो योगायोग नाही. मार्माइट 1902 पासून बर्टनमध्ये बनलं ते ब्रुअरीच्या उरलेल्या यीस्टपासूनच. मेलेल्या पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळतात आणि हा वास सुटतो.

1.044 चा गडद पोर्टर केला, 20 लिटर, दोन भाग. दोन्ही भागांना जिवंत पेशी सारख्याच मोजून दिल्या, सुमारे 82 अब्ज: ब चे 89 मिलिलिटर, क चे 145. ब चा भाग नेहमीच्या बादलीत, क चा काचेच्या दोन मोठ्या बाटल्यांत.

5 मार्च

ब नऊ तासांत सुरू झालं, क एकोणीस तासांनी. जिवंत पेशी सारख्या असूनही! मिथिलीन ब्लू जिवंत की मेलेली एवढंच सांगतं, अंगात जोर किती ते सांगत नाही.

धुतलेलं यीस्ट मागे का पडलं, यावर दोन दिवस विचार केला. बिअरचा सामू चारच्या आसपास असतो आणि तिच्यात मद्यार्क असतो. दोन्हींमुळे बरेचसे जिवाणू लांब राहतात. आपण ती बिअर ओतून देतो आणि यीस्टला निव्वळ पाण्यात ठेवतो, म्हणजे त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेतो. हे एक झालं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धुताना मी 20 मिनिटं थांबून वरचं दुधाळ पाणी घेतलं होतं. म्हणजे ज्या पेशी पटकन खाली बसतात त्या गाळाबरोबर टाकल्या आणि ज्या तरंगत राहतात त्याच ठेवल्या. मला वाटत होतं मी स्वच्छता करतेय. प्रत्यक्षात मी निवड करत होते, आणि तीही नको त्या दिशेने, कारण बिटर नितळ व्हायला यीस्ट पटकन बसणारंच हवं. वरून काढताना वर चढणाऱ्या पेशी निवडल्या जातात, फार उशिरा तळातून काढताना आळशी. बरणी भरली की निवड झालीच. चार-पाच पिढ्या असंच चाललं तर पाकिटावरचं नाव तेच राहील आणि आतलं यीस्ट वेगळं असेल.

यापुढे धुणं बंद. बियाण्याची कणसं शेतात उभी असताना निवडून ठेवतात, पोत्याच्या तळाशी उरलेल्यातून नाही. साताऱ्याला आमच्या घरी ज्वारीचं बी असंच राखायचे.

17 मार्च

दोन्ही पोर्टर 1.013. बाटल्यांत भरले: ब तोटीतून, क नळीने खेचून.

7 एप्रिल, रविवार

वाईट दिवस.

ब पोर्टरची बाटली उघडली आणि निम्मी बिअर ओट्यावर. दुसरी, तिसरी, तशीच. वायू घालवून ग्रॅव्हिटी घेतली: 1.008. भरताना 1.013 होती. ग्रॅव्हिटीचा एक अंक (0.001) बाटलीत उतरला की बिअरच्या आकारमानाच्या साधारण अर्धा पट कार्बन डायऑक्साइड वाढतो. पाच अंक म्हणजे अडीच पट, तेही साखरेने होणाऱ्या वायूच्या वर. काच कधीही फुटू शकली असती.

हातमोजे, डोळ्यांना चष्मा, प्रत्येक बाटलीवर जाड टॉवेल. सगळ्या एकेक करून उघडल्या आणि सिंकमध्ये ओतल्या. मग दुसऱ्या बॅचच्या उरलेल्या अकरा बाटल्या तपासल्या. त्याही फसफसत होत्या, इतक्या नाही. त्यांचे दाब सोडून फ्रीजमध्ये टाकल्या. क पोर्टर मात्र शांत, हवा तेवढाच फेस.

घशाखाली काही उतरेना. जी बरणी मी दोनदा मोजून ‘चांगली’ म्हटली होती, तिनेच बॅच घालवली.

8 एप्रिल

रात्री झोपेतच दुवा लागला: तोटी. गेल्या उन्हाळ्यात याच बादलीत सेझों (बेल्जियन पद्धतीची एल) केली होती. सेझोंची बरीच यीस्टं ‘डायास्टॅटिकस’ प्रकारची असतात. त्यांच्याजवळ एसटीए-1 हा जनुक असतो. त्याच्या जोरावर ती असं विकर बाहेर सोडतात की साधं एल यीस्ट ज्याला तोंड लावत नाही ते डेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, तेही तुटतं आणि साखर होते. हे काम सावकाश, आठवडेच्या आठवडे चालतं. बादलीत ग्रॅव्हिटी स्थिर दिसते, बाटलीत खाली जात राहते.

तोटी कढत पाण्यात टाकून फिरणारा दांडा ओढून काढला. आत, दांडा जिथे टेकतो त्या खाचेत, वाळलेल्या सायीसारखं पिवळट काहीतरी. नखाने खरवडलं. ही तोटी मी प्रत्येक वेळी सॅनिटायझरमध्ये बुडवली होती, पण बंद करून. द्रव तिथवर पोचतच नव्हता. आणि मळाच्या थराखाली सॅनिटायझर काही करत नाही, आधी घासावंच लागतं.

आता सगळं जुळतं. पहिल्या दोन्ही बॅचच्या बाटल्या तोटीतून भरल्या. बरणी ब तोटीतून भरली. अ आणि क तोटीला शिवल्याच नाहीत. आजोबांनी 25 फेब्रुवारीला सांगितलं होतं की जोर जास्त आहे, आणि मी ते साखरेच्या नावावर खपवलं. तिथेच एक बाटली तपासली असती तर पोर्टर वाचला असता.

भिंगाखाली डायास्टॅटिकस आणि यॉर्कशायरचं यीस्ट सारखंच दिसतं. दोन्ही सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियान हान्सेन यांनी 1883 मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं ते याच अडचणीतून वाट काढायला: बिअर बिघडवणारं यीस्ट चांगल्या यीस्टमध्ये मिसळून बसलेलं असतं. तंत्रज्ञान मला तोंडपाठ होतं. तरीही 71 टक्के जिवंत हा आकडा बघून मी निश्चिंत झाले. जिवंत कोण आहे हे विचारलंच नाही.

आईशी फोनवर बोलताना हे सांगितलं. बिअर तिचा विषय नाही, पण ती लगेच म्हणाली, “दह्याला तार सुटली की आपण विरजणच बदलतो ना? त्याच विरजणाचं परत लावून बघायचं वाटीभर दुधात, मग कळतं.” नेमकी हीच चाचणी करायची आहे.

9 एप्रिल

आज पाडवा. गुढी उतरवल्यावर चाचणी लावली. उकळून गार केलेला 1.040 चा वर्ट, प्रत्येकी 200 मिलिलिटर, तीन बाटल्यांत. एकीत अ-2 चा चमचाभर, एकीत ब चा तळ, एकीत क चा. तोंडावर फॉइल. बॉयलरच्या कपाटात 25 अंशांवर, रोज हलवायच्या. डायास्टॅटिकसला वेळ लागतो म्हणून घाई करायची नाही.

21 एप्रिल, रविवार

अ-2: 1.011. क: 1.012. ब: 1.003.

ब ची बरणी, चाचणीची बाटली, दोन्हींवर उकळतं पाणी ओतून टाकून दिलं. तोटी कचऱ्यात. नवी तोटी आणली, ती दर वेळी खोलायची. क सुद्धा ठेवत नाही. शुद्ध आहे, पण तिला पुढे नेण्यात अर्थ नाही.

राहिली एकटी अ-2.

26 एप्रिल

अ-2 आज 73 दिवसांची. वरची बिअर नितळ, खालचं यीस्ट थोडं काळवंडलेलं. मोजलं: 57 टक्के जिवंत. एवढ्यावर बॅच टाकायची नाही. दीड लिटर पाण्यात 150 ग्रॅम सुका माल्ट अर्क उकळून स्टार्टर केला, गार झाल्यावर 80 मिलिलिटर यीस्ट सोडलं. जाता-येता फिरवत होते. पहिले पंधरा तास काहीच नाही, मग एकदम दुधाळ झालं. उरलेलं 20 मिलिलिटर छोट्या बाटलीत राखीव.

28 एप्रिल, रविवार

चौथी बॅच, पुन्हा तीच बिटर. स्टार्टरमध्ये नव्याने मोजलं: 96 टक्के. म्हाताऱ्या बरणीतून तरुण पिढी उभी राहिली, अंकुर फुटलेल्या पेशी भिंगाखाली जागोजाग. पूर्ण स्टार्टर टाकला. बादली घासून, तोटीचे तुकडे सुटे करून, वेगवेगळे भिजवून मग जोडले.

सोबत 200 मिलिलिटर वर्ट याच यीस्टसह कपाटात ठेवलाय, दर बॅचला साक्षीदार म्हणून. बाटल्या भरायच्या आधी त्याची ग्रॅव्हिटी बघायची. बादलीपेक्षा तो खाली गेला असेल तर थांबायचं.

30 एप्रिल

काल सकाळी बुडबुडे, रात्री तपकिरी थर काढला. आज संध्याकाळी आजोबांना बोलावलं. झाकण उचललं तर पांढरा थर मध्यभागी फुगून वर आलेला. त्यांनी वाकून वास घेतला, काही बोलले नाहीत, पळीसाठी हात पुढे केला. मी काठाकडून काढते. त्यांनी मधोमध पळी बुडवली, मनगट वळवलं आणि खालच्या बिअरला न ढवळता अख्खा थर एका वाटीसारखा उचलला.

140 मिलिलिटर. बरणीवर चिठ्ठी: अ-3, 30 एप्रिल, पळीने, मधून. झाकण सैल.